नरडाण्याच्या शेतांतील पंगत

प्रवासवर्णन लिहावयाचें तें काशीचें, काश्मीरचें, अगदींच जवळ राहावयाचें तर महाबळेश्वरचें, असा आपल्याकडील रिवाज आहे. नरडाण्याचें प्रवासवर्णन म्हटलें तर पुष्कळ वाचक प्रथम हंसतील आणि मग नकाशा शोधूं लागतील. त्यांच्या सोयीसाठीं सांगतों कीं, नरडाणा हें धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडें तालुक्यांतील एक गांव असून मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस तीस-पस्तीस किलोमीटरांवर वसलें आहे. सहलीचें ठिकाण म्हणून त्याचें नांव कोणाच्या तोंडीं नाहीं. आम्ही मात्र गेल्या मार्गशीर्षांत मुद्दाम तेथें गेलों, आणि गेलों तें केवळ जेवावयास. एका जेवणासाठीं एवढी वाट तुडविणें कोणास चैनीचें वाटेल. परंतु त्या जेवणांत जें पाहावयास मिळालें, तें चार घरांत बोललें जावें असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

धुळें सोडल्यावर रस्ता उत्तरेची दिशा धरतो. सुमारें वीस किलोमीटरांवर सोनगीर लागतें. सोनगीरला जुना किल्ला आहे. परंतु खानदेशांतील जुन्या घरांना हें गांव किल्ल्यापेक्षां तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं अधिक परिचयाचें. सोनगीर मागें पडलें कीं दोहों बाजूंस काळी जमीन व तींत कपाशी. मार्गशीर्षांत बोंडें फुटून शेतें पांढरीं दिसतात, आणि जेथें वेंचणी आटोपली आहे तेथें उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे बांधावर रचलेले असतात. नरडाण्यास रेल्वेचें स्थानकही आहे. एके काळीं ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणून ओळखला जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग येथूनच जातो. अलीकडे औद्योगिक वसाहत झाल्यामुळें मालमोटारींची वर्दळ वाढली आहे. तसेंच पुढें गेलें तर सावळद्याजवळ तापी ओलांडून शिरपुरास जातां येतें. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि पश्चिम खानदेशाचें ठाणें धुळें ठरलें. १९९८ सालीं त्यांतून नंदुरबार निराळा निघाला. सरकारी दप्तरांत खानदेशाची अशी वांटणी होत गेली तरी हिवाळ्यांत तिन्ही जिल्ह्यांच्या ताटांत भरीत एकच असतें.

आग्रा रस्त्यास लागलेल्या माणसास उपाशी राहण्याचें भय नाहीं. जागोजाग ढाबे आहेत. बाहेर बाजा टाकलेल्या असतात, बाजेवर आडवी फळी ठेवून मालमोटारींचे चालक शेवभाजी व भाकरी खातात, आणि हात धुऊन पुढच्या मुक्कामास निघतात. ह्या ढाब्यांच्या जोडीला अलीकडे ‘गार्डन’ नांवाचा एक प्रकार महाराष्ट्रांतील सर्वच मोठ्या रस्त्यांवर आढळतो. निंबाच्या चार झाडांखालीं प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फांद्यांवरून सोडलेल्या दिव्यांच्या माळा, आणि पाटीवर ‘परमिट रूम’ हे दोन शब्द. ते आपल्याकडे लहान मुलासही वाचतां येतात. पण त्यांचा उगम थोड्यांस ठाऊक असतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मद्यपानास परवान्याची अट घातली, आणि परवाना असलेल्यांनीं जेथें बसावयाचें ती ही खोली. ती अट आजही कायद्यांत आहे. पुढें १५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्रीस मनाई केली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गांवांसाठीं हें अंतर मागाहून २२० मीटर करण्यांत आलें. त्या निकालामागें रस्त्यावरील अपघातांची चिंता होती.

अशा बागांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पत्र्याचा किंवा पडद्याचा आडोसा करून एक भाग निराळा काढलेला असतो व त्यावर ‘फॅमिली सेक्शन’ असें लिहिलेलें असतें. म्हणजे मोकळी हवा, झाड आणि चांदणें हीं पुरुषांच्या वांट्यास. आणि बरोबर आई, पत्नी किंवा बहीण असेल तर आडोशामागचा पंखा. उघड्यावर जेवण्याचें सुख असें आरंभींच विभागलेलें असतें. हें येथें सांगण्याचें कारण पुढें कळेल.

आमच्याबरोबर मोटारींत थोरल्या काकू, धाकटे बंधु, आणि पुण्याहून आलेला पुतण्या व सूनबाई अशी मंडळी होती. काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर. रस्त्यावरच्या पाट्या वाचतां वाचतां पुतण्यानें पुण्यांतील एका जागेचें वर्णन सुरू केलें. पुण्यांत २००९ सालीं डूलाली नांवाची एक लहान बिअरभट्टी निघाली, आणि तेव्हांपासून अशा भट्ट्यांची व त्यांच्या अंगणांतील उपाहारगृहांची शहरांत वाढ झाली. हें नांव परदेशी वाटलें तरी मूळ आपल्याच नाशिकजवळचें आहे. देवळालीच्या छावणींत मायदेशीं जाणाऱ्या आगबोटीची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्महिने खितपत पडत. त्या कंटाळ्यानें ज्याचें डोकें फिरलें त्याला इंग्रजींत ‘डूलाली’ म्हणूं लागले.

“तिथं अंगणांत एक जण लोखंडाचा मोठा सपाट तवा घेऊन उभा असतो, आजी,” पुतण्या काकूंना सांगूं लागला. “तवा चांगला तापला कीं खिम्याचा गोळा त्यावर टाकायचा आणि लगेच उलथन्यानं जोर लावून दाबायचा. कडा जाळीदार, कुरकुरीत होतात. मग तो पावांत घालून द्यायचा. त्याला स्मॅश बर्गर म्हणतात.”

“म्हणजे थालिपीठच कीं रे!” काकू म्हणाल्या. “आम्ही थंड तव्यावर थापतों, तुमचा तो तापल्यावर थापतो, एवढंच.”

खिम्याचें नांव काढूनही काकू रागावल्या नाहींत, ह्याचें पुतण्यास आश्चर्य वाटलें. आमच्या मतें त्यांचें निदान फार चुकलेलें नव्हतें. पदार्थाचा जितका भाग तापलेल्या लोखंडास चिकटेल तितकें त्यांतील पाणी लवकर उडून जातें, आणि तेथें खमंग तांबूस पापुद्रा धरतो. ह्या तांबूसपणाचें रसायन लुई कामीय मेलार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं मांडलें. थालिपीठाच्या कडेवर व भाकरीच्या पापुद्र्यावर तेंच रसायन काम करीत असतें.

काकूंस पाककृतीपेक्षां निराळीच शंका होती. “आणि तिथं वाढतं कोण?” त्यांनीं विचारलें.

“कोणीच नाहीं. आपला आंकडा पुकारला कीं आपण जाऊन ताटली आणायची.”

“मग मागाहून जेवायला कोणी उरत नाहीं?”

“नाहीं आजी. सगळे एकदमच खातात.”

काकू “असं होय,” एवढेंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहूं लागल्या.

बिअरच्या बागेची ही चाल मूळची जर्मनींतील बव्हेरिया प्रांताची. तेथें सोळाव्या शतकापासून उन्हाळ्यांत बिअर काढण्यास बंदी होती. भट्टीच्या विस्तवानें आगी लागत आणि उष्म्यानें माल नासे. म्हणून हिवाळ्यांत काढलेली बिअर तळघरांत सांठवीत, आणि तळघर थंड राहावें यासाठीं त्यावर चेस्टनटचीं दाट झाडें लावून खालीं खडी पसरीत. लोक त्या सावलींत येऊन बसूं लागले. त्यामुळें गांवांतील खाणावळवाल्यांचा धंदा बुडूं लागून त्यांनीं राजाकडे गाऱ्हाणें नेलें. ४ जानेवारी १८१२ रोजीं राजा मॅक्सिमिलियन जोसेफ यानें असा निवाडा केला कीं, भट्टीवाल्यांनीं तेथें बिअर खुशाल विकावी, पण पावाखेरीज कांहीं खावयास विकूं नये. तेव्हांपासून लोक घरची शिदोरी घेऊन जाऊं लागले, आणि जुन्या वळणाच्या बागांत आपलें जेवण आपण नेण्याची मुभा आजही आहे. बायकामुलांसह सारें कुटुंब लांब बांकावर अनोळखी कुटुंबाशेजारीं बसतें. मद्याचा भाग वजा केला तर ही चाल आपणांस परकी वाटूं नये. कार्तिकांत आंवळीच्या झाडाखालीं आपण आंवळीभोजन करतों, त्यांतही झाड, सावली आणि शिदोरी हींच तीन अंगें आहेत.

नरडाण्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आम्ही बैलगाडीच्या वाटेनें एका शेतांत शिरलों. शेत आमच्या बंधूंच्या एका शाळासोबत्याचें. त्यांच्या घरचीं माणसें आमच्या आधीं येऊन थांबलीं होतीं. बेत भरिताचा होता. चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेली होती. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढांत कांदेनवमी झाली कीं कांदा, लसूण व वांगें बंद होतें, तें मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविल्यावर पुन्हां ताटांत येतें. त्या सुमारास हिवाळी वांगीं उत्तम येतात, थंडी पडलेली असते, आणि जाळण्यास पऱ्हाट्याही तयार असतात. हे तिन्ही योग जुळले म्हणजे खानदेशांत शेताशेतांतून भरिताच्या पंगती सुरू होतात.

भरिताचें वांगें निराळें. तें हिरवट पांढऱ्या रेषांचें, बियांनीं कमी आणि गरानें भरलेलें, एकेक पाव-अर्धा किलोचें असतें. जळगांव जिल्ह्यांत बामणोदकडचीं वांगीं ह्यासाठीं नांवाजलेलीं आहेत, आणि ‘जळगांव भरीत वांगीं’ ह्या नांवास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बंधूंनीं आदल्या दिवशींच जळगांवाहून एक मोठी पिशवी भरून आणली होती.

पऱ्हाट्यांचा ढीग पेटवून ज्वाळा जरा बसल्यावर वांग्यांना सुरीनें टोंचे मारून तीं त्यांत मांडलीं. टोंचे न मारल्यास आंतील वाफेनें वांगें फुटतें. साल बाहेरून कोळशासारखी काळी होते. पण आंतला गर स्वतःच्याच पाण्यांत शिजतो आणि धुराचा वास अंगीं घेतो. गॅसच्या शेगडीवर वांगें भाजतें खरें, परंतु हा वास येत नाहीं. मग हात पोळत असतांच सालें काढावयाचीं आणि गर लाकडी काठवटींत घालून लाकडी मुसळीनें ठेंचावयाचा. मिक्सरचीं पातीं गर कापतात व त्याचें पीठलें होतें; मुसळीनें त्याच्या रेषा सुटतात व भरीत तोंडांत जाणवतें. पुतण्यास येथें आपल्या बर्गरची आठवण झाली. तेथें दाबणें आगीवर असतांना, येथें आगींतून काढल्यावर, एवढा फरक त्यानें दाखविला. वरून तेलांत लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे व खोबऱ्याचे काप तळून ओतले, आणि कांद्याची पात व कोथिंबीर पसरली.

येथवरचें सर्व काम पुरुषांनीं केलें. शेतांतील भरिताचा हा मोठा विशेष आहे. घरीं ज्याला पाण्याचा तांब्या भरून घेणें ठाऊक नसतें तो गृहस्थ येथें डोळ्यांत धूर घेऊन वांगीं उलटतो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. आमच्या काकूंना तर बाभळीखालीं सतरंजीवर बसवून ठेवलें होतें. त्या दोनदां उठल्या. दोन्ही वेळां सूनबाईंनीं त्यांना हात धरून पुन्हां बसविलें.

एकत्र कुटुंबांतील जेवणाचा क्रम वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पहिली पंगत मुलांची, दुसरी पुरुषांची व पाहुण्यांची, तिसरी बायकांची. आणि त्यांतही थोरली सून सर्वांच्या मागें. काकू अठराव्या वर्षीं ह्या घरांत आल्या, आणि साठ वर्षें त्यांनीं तिसरी पंगत संभाळली. आज घरांत माणसें थोडीं उरलीं आहेत, जेवणाचें टेबल आलें आहे, एकदम बसा असें सर्व जण म्हणतात. तरीही गरम पोळी वाढण्यासाठीं कोणीतरी उभें राहतें, आणि तें कोणीतरी कोण हें क्वचितच बदलतें.

त्या दिवशीं पहिल्या पानांवर काकूंचें पान होतें. भरीत वाढलें, मुळा व काकडी आली, आणि कढईंतून निघालेली कळण्याची पुरी त्यांच्या पानांत पडली. ज्वारी व सालीसकट उडीद एकत्र दळून कळण्याचें पीठ होतें. त्याची पुरी रंगानें सांवळी व चवीनें खरपूस लागते. काकूंनीं पुरीवर बोट ठेवलें. ती टपकन फुटून वाफ आली. “पुरी फुगलेली खायची असते हें मी विसरूनच गेलें होतें,” असें त्या म्हणाल्या. हजारों पुऱ्या तळलेल्या हाताच्या बाईनें हें म्हणावें, ह्यावर पंगतींत कोणास कांहीं बोलावयास सुचलें नाहीं.

चार पुऱ्या खाऊन काकूंनीं मान वळविली. तीन दगडांच्या चुलीपाशीं आमच्या यजमानांची पत्नी बसली होती. आम्ही बसल्यापासून ती एकटी पुऱ्या लाटीत होती व तळीत होती. काकू पान सोडून उठल्या आणि चुलीपाशीं जाऊन त्यांनीं झाऱ्यासाठीं हात पुढें केला.

“ऊठ आतां. तूं बैस माझ्या पानाशेजारीं.”

“बठा माय, बठा,” ती बाई झारा न सोडतां म्हणाली. पाहुण्या बाईस चुलीपाशीं बसूं देणें तिला अशक्य होतें. काकूही मागें हटेनात. दोघींचे हात झाऱ्यावर, आणि कढईंत पुरी करपूं लागलेली. अखेर पुतण्या उठला, झारा त्यानें घेतला, आणि लाटणें आमच्या बंधूंच्या हातीं आलें. त्यापुढील पुऱ्यांचें वर्णन न करणेंच बरें. एकीचा आकार दुसरीस मिळाला नाहीं, आणि कांहीं तर पापडासारख्या चपट्या निघाल्या. परंतु त्या दोघी स्त्रिया शेजारीं शेजारीं बसून शेवटपर्यंत जेवल्या, आणि जी एखादी पुरी फुगे ती पुतण्या धांवत नेऊन आधीं त्यांना वाढी. यजमानीण बाई प्रथम संकोचानें खालीं पाहत होती. मग तिनें हळूच पुतण्यास सांगितलें कीं, तेल अजून तापूं द्या.

ह्यावरून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसली. झाडाखालीं पान मांडल्यानें घरचा क्रम आपोआप मोडत नाहीं. आपल्या घरची बाई उठून पंगतींत बसली कीं तिच्या जागीं दुसऱ्या कोणाच्या घरची बाई चुलीपाशीं बसते, आणि आपण समाधान मानतों. पुण्याच्या अंगणांत ज्याची ताटली त्यानें आणावी हा नियम आहे, तो चांगला आहे. पण तेथेंही तव्यापाशीं उभा असलेला मनुष्य केव्हां जेवतो हें विचारण्यासारखें आहे. आणि खानदेशांतील भरिताच्या पंगतीही सर्वच अशा नसतात. पुष्कळ ठिकाणीं त्या केवळ मित्रांच्या असतात. पिशवींत वांग्यांच्या खालीं बाटलीही असते, आणि बायका घरीं राहतात. पुरुषांनीं वर्षांतून एकदां हौसेनें स्वयंपाक केला, तो आपसांतच खाल्ला, आणि त्याची कीर्ति घरीं येऊन सांगितली, तर घरच्या बाईस त्यांत धुराच्या वासाच्या सदऱ्याखेरीज काय मिळालें?

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी कीं, एखाद्या हिवाळ्यांत सर्व कुटुंबानें भरितासाठीं शेतांत जावें. नरडाणाच पाहिजे असें नाहीं. जेथें ओळखीचें शेत, एक झाड व थोडीं जळाऊ काटकें मिळतील तें ठिकाण चालेल. विस्तव उभ्या पिकापासून व कापसापासून दूर पेटवावा, निघतांना त्यावर पाणी ओतावें, आणि सालें-पत्रावळी गोळा करून आणाव्या. वांगीं माणशीं एक धरावीं. भरीत उरत नाहीं. वृद्धांसाठीं पाट किंवा खुर्ची न्यावी, कारण जमिनीवरून उठणें त्यांना जड जातें. आणि चुलीपाशीं कोण केव्हां बसणार, ह्याच्या पाळ्या घरून निघण्यापूर्वींच ठरवून घ्याव्या, त्यांत पुरुषांचीं नांवें आधीं घालावीं. शेतांत गेल्यावर पाहूं, असें म्हटलें कीं तें काम कोणाकडे जातें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे.